भाताखालची बशी

थोरलीबद्दल सांगायचं तर आधी ताटाबद्दल सांगायला हवं, कारण तिचं सगळं बरंवाईट त्या ताटानंच केलं.

पंख्यांचा कारखाना होता. छताचे, टेबलाचे, भिंतीचे, सगळ्या जातीचे पंखे तिथे होत. पावणेतीनशे माणसं कामाला, आणि त्यांच्या कँटीनची मुख्य स्वयंपाकीण थोरली. तिला नाव होतं, कागदोपत्री लिहिलेलंही होतं, पण ते घेतं कोण? तिच्या हाताखाली तिची सख्खी धाकटी बहीण कामाला होती, म्हणून ही थोरली आणि ती धाकटी. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे असंच म्हणायचे. साहेब फक्त पुढे ‘बाई’ लावायचे, तेवढीच काय ती इज्जत.

थोरली तिथे लागायच्या आधी एक भानगड झाली होती. एका दुपारी कँटीनचं जेवून नव्वद माणसं आडवी झाली, दोन तर मरता मरता वाचली. त्यावर कामगार असे काही खवळले की साहेबलोकांना पळता भुई थोडी झाली. शेवटी एक नियम ठरला आणि तो रंगवून जेवणघराच्या भिंतीवर लावला: शिजवणाऱ्यानं आधी जेवायचं. दुपारचा भोंगा झाला, माणसं हात धुऊन रांगेला लागली, की मुख्य स्वयंपाकिणीनं मधल्या टेबलाशी सगळ्यांच्या समोर बसायचं. कामगाराला वाढतात तेवढंच पुरतं ताट संपवायचं, रिकामं ताट स्वतः नेऊन खिडकीतून आत द्यायचं. ते आत गेलं की वाढपाच्या खिडकीचं शटर वर. त्याला सगळे ‘पहिलं ताट’ म्हणत. आता, खराब अन्न काही पंधरा मिनिटांत बाधत नाही, हे काय कोणाला कळत नव्हतं? सगळ्यांना कळत होतं. पण आपल्यासाठी शिजवणारी बाई आपल्या डोळ्यांदेखत तेच खाते, हे बघून माणसाला बरं वाटतं. थोरलीनं बारा वर्षं ते ताट खाल्लं. आवडीनं खाल्लं. ती खायला लागली की रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटायचं. ‘पुढारी’ म्हणून एक म्हातारा फिटर होता, कामगारांच्या वतीनं तोच भांडायचा, तो म्हणायचा, “थोरली, तू हळू खा गं, आम्हाला उरलं पाहिजे.”

मग तिला एक ताप आला. साधाच. चार दिवस अंग मोडून आलं, उलट्या झाल्या, गेला. ताप गेला पण उलट्या राहिल्या. दोन घास खाल्ले की पोट असं तट्ट व्हायचं जसं काही लग्नाच्या पंगतीतून उठलीय. ढेकरा, मळमळ, आणि पोटात नुसता दगड. एका दुपारी मोरीशी वाकून ओकली तर आदल्या दिवशीच्या जेवणातले गाजराचे तुकडे जसेच्या तसे. स्वयंपाकीणच ती, आपण चिरलेलं गाजर तिला ओळखू येणार नाही? तिनं नळ सोडला आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठला.

डॉक्टरीण तरुण होती, पण समजावून सांगणारी होती. तिनं एक तपासणी करवली. खुणेचं औषध घातलेलं अंडं खायला घालायचं आणि ते पोटातून केव्हा निघतं याचे थोड्या थोड्या वेळानं फोटो काढायचे. चार तासांनी जवळपास सगळं पुढे सरकायला हवं होतं. थोरलीचं निम्मं अंडं तिथेच बसलेलं.

“जठर पुढे ढकलतच नाहीये,” डॉक्टरीण म्हणाली. “तापानंतर होतं असं कधी कधी. त्याला हलवणारी नस मंदावते.”

“म्हणजे माझं पोट सरकारी कचेरी झालंय म्हणा की,” थोरली म्हणाली. “कागद आत जातो, बाहेर येत नाही.”

डॉक्टरीण हसली. थोरलीही हसली. मग तिनं विचारलं, “बरं होईल ना?”

“होतं काही जणांचं, वर्ष-दोन वर्षांत. काहींचं नाही होत. सांभाळून राहायचं.”

सांभाळायचं म्हणजे काय, ते ऐका. दोनदा पोटभर जेवायचं नाही, सहादा चिमणीएवढं खायचं. तेल-तूप बेताचं. साल नको, बी नको, धागा नको, कच्चं तर बघायचंसुद्धा नाही. सगळं मऊ शिजवायचं, घोटायचं, गाळायचं. जास्त बिनसलं त्या दिवशी नुसतं पातळ. गोळी जेवणाआधी अर्धा तास, आणि घास लापशीसारखा होईपर्यंत चावायचा. जेवल्यावर आडवं व्हायचं नाही, चालायचं. जिनं उभा जन्म मोठमोठी पातेली ढवळली, तिला आता वाटीवर जगायचं होतं.

तेही तिनं केलं असतं. पण पहिलं ताट? ते वाटीत थोडंच मावतं?

डॉक्टरिणीनं साहेबांना द्यायला चिठ्ठी दिली होती. थोरलीनं ती घडी घालून कपाटात कपड्यांखाली सारली. ताट खाते ती मुख्य स्वयंपाकीण. जी ताट खाऊ शकत नाही तिला कोण ठेवणार? आणि खरं सांगू का, प्रश्न नुसत्या नोकरीचा नव्हता. लग्न मोडून ती एकटी राहत होती. घरी तिची वाट बघणारं कोणी नव्हतं. पण रोज दुपारी पावणेतीनशे माणसं तिच्या एका घासाकडे डोळे लावून उभी असत. ती जागा तिला सोडवेना.

तिनं हे एकाच माणसाला सांगितलं. धाकटीला.

सांगणार कोणाला दुसऱ्या? आई गेली तेव्हा धाकटी सात वर्षांची होती. तिची वेणी थोरलीनं घातली, शाळेच्या दाखल्यावर सही थोरलीनं केली, लग्नात डोळे पुसले तेही थोरलीनंच. नवऱ्याचं काम सुटलं, पदरात दोन मुली, तेव्हा साहेबांच्या हातापाया पडून कँटीनमध्ये चिकटवली तीही हिनंच. धाकटीनं सगळं ऐकून घेतलं. गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “ताई, ताटं आपली खोलगट आहेत ना?”

“आहेत. मग?”

“भाताखाली बशी घालायची. पालथी. वर भाताचा पातळ थर, त्यावर रस्सा. लांबून बघणाऱ्याला काय कळतंय?”

ही बशी धाकटीच्या डोक्यातून निघाली, हे नीट लक्षात ठेवा. पुढे लोक विसरले, म्हणून मी सांगतोय.

थोरली लगेच तयार झाली नाही. तिला ते पटेना. “अगं, पण मग खाल्लं कोणी?” ती म्हणाली. “नियम काय उगाच आहे? ताट कोणाच्या तरी पोटात पुरतं गेलंच पाहिजे.”

“मी खाईन ना आत. भोंग्याच्या आधी. पुरतं ताट. मग तर झालं?”

मग झालं. पुढचं दीड वर्ष असंच चाललं. सकाळचा स्वयंपाक उतरला की आधी धाकटी कोठीघरात स्टुलावर बसून पुरतं ताट जेवायची, थोरली समोर उभी राहून बघायची, एक शीत टाकू द्यायची नाही. मग धाकटी दुसरं ताट भरायची. बशी पालथी घालायची, भात पसरायची, चमच्याच्या पाठीनं थापून थापून असा बेमालूम करायची की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. भोंगा झाला की थोरली ते घेऊन मधल्या टेबलाशी बसायची. सहा-सात चमचे भात, घोट घोट रस्सा, पाव हळूच ॲप्रनच्या खिशात. संपलं की ताटावर फडकं टाकून खिडकीत न्यायचं. खिडकीत धाकटीचे हात असायचेच. ताट आत, शटर वर.

एवढं खाऊनसुद्धा तिला चालावं लागे. मग ती वाढप सुरू असताना टेबलांमधून फेऱ्या मारायची. पोटावर हात नको दिसायला म्हणून हात मागे बांधायची आणि विचारत जायची, “मीठ बरोबर आहे ना? भात मोकळा झालाय ना?” लोक म्हणत, थोरली वयानं आणखी चांगली झाली, प्रत्येकाची चौकशी करते. आणि ती बिचारी आत अडलेले सात चमचे पुढे ढकलत असायची.

तिचं स्वतःचं खाणंही धाकटीच बघायची. का कोण जाणे, थोरलीला आपल्या हातचं उतरेनासं झालं होतं. फोडणीचा वास नाकात गेला की मळमळ सुरू, आणि पावणेतीनशे माणसांच्या स्वयंपाकाचा हात असलेल्या बाईला एका माणसाचं मीठसुद्धा समजत नाही. धाकटी घरून एक छोटा पितळी डबा आणायची. दुधी नाहीतर बटाटा सालं काढून, बिया काढून, गळेपर्यंत शिजवून, घोटून, दोनदा गाळलेला. आधी गाळणीतून एकदा, मग मलमलीच्या कपड्यातून एकदा. दर दोन-अडीच तासांनी चार चमचे. थोरलीचं पोट ते बिनतक्रार घ्यायचं. “तुझ्या हाताला माझं पोट ओळखतं गं,” ती म्हणायची.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल हा एकीचीच बाजू घेतो. थोरली वाळत चालली आणि धाकटी सुटत चालली. सुटणारच! कोठीत एक कामगारी ताट, वर घरचं जेवण. ब्लाउज उसवले, धाप लागायला लागली. कारखान्यातल्या जिभांना तेवढंच हवं होतं. “थोरलीचं खाते म्हणून धाकटी फुगते.” “कोठीला कुलूप लावा रे, भोपळा आत गेलाय.” धाकटी खाली मान घालून वाढत राहायची. आणि एकदा, भर जेवणघरात, पुढारी काहीतरी बोलला तेव्हा थोरलीनंही हसून म्हटलं, “काय करू, चाखता चाखता पातेलं रिकामं करते माझी बहीण!” सगळे खो खो हसले. संशय येऊ नये म्हणून बोलली होती ती. धाकटीही हसली होती. निदान थोरलीला तसं वाटलं.

मग कारखान्याचं कँटीन लहान करायचं ठरलं. बातमी आधी कुजबुजीत आली, मग फलकावर. दोन पाळ्यांची एक होणार, कँटीनमध्ये कायमची एकच जागा राहणार: मुख्य स्वयंपाकिणीची. बाकीच्या बायका लागतील तशा रोजावर. म्हणजे थोरली राहणार, धाकटी जाणार. थोरलीनं त्याच दिवशी साहेबांना गाठलं, बहिणीसाठी शब्द टाकला. साहेब म्हणाले बघू. तिनं येऊन धाकटीला सांगितलं, “मी आहे ना. तुला वाऱ्यावर सोडीन का?” धाकटी म्हणाली, “नाही गं ताई, तू कशी सोडशील.” आणि गाळणीतला दुधी चमच्यानं दाबत राहिली.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी सगळं नेहमीसारखंच. धाकटी कोठीत जेवली. पुरतं जेवली, थोरलीनं डोळ्यांनी बघितलं. मग तिनं बशी पालथी घातली, भात पसरला, थापला. त्या दिवशी तर जास्तच निगुतीनं थापला. “ताई, गोळी घेतलीस ना?” तिनं विचारलं. थोरलीनं मान हलवली. भोंगा झाला.

थोरली मधल्या टेबलाशी बसली. पहिला चमचा तोंडात गेला न गेला तोच साहेब जेवणघरात आले. ते कधी यायचे नाहीत. बरोबर पुढारी. दोघं सरळ तिच्या टेबलाशी. रांगेतल्या माना वळल्या.

“बाई, एक मिनिट,” साहेब म्हणाले. त्यांनी समोरचा चमचा उचलला आणि भातात खुपसला. टक्कन आवाज झाला. त्यांनी भात बाजूला सारला. रश्शात माखलेली स्टीलची बशी सगळ्यांना दिसली.

आणि बघा थोरलीचं काळीज! तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की आता धाकटी सापडणार. तिनं खिडकीकडे पाहिलं, डोळ्यांनीच सांगायला, की तू कानावर हात ठेव, मी बघते. खिडकीचं शटर खाली होतं.

“हे किती दिवस चाललंय?” साहेबांनी विचारलं.

उत्तराची वाट न बघता तेच पुढे बोलले.

“तुमच्या बहिणीनंच सांगितलं आम्हाला. त्या बिचारीला परवा कळलं, तेव्हापासून जेवण गेलं नाही तिला. सख्खी बहीण, सांगू कशी म्हणून रडत होती माझ्यासमोर.”

परवा कळलं. थोरलीनं ते दोन शब्द मनात पुन्हा म्हणून पाहिले. परवा. आणि दीड वर्षं भात कोणी थापला? आज सकाळी, अर्ध्या तासापूर्वी, गोळी घेतलीस ना म्हणून कोणी विचारलं? सापडावी म्हणून आपल्या हातानं बशी ठेवली आणि वरून माया दाखवली! परका माणूस दगा देतो तेव्हा समोरून येतो, निदान त्याचं तोंड तरी दिसतं. इथे केसानं गळा कापला, आणि तोही जिचे केस हिनं विंचरले तिनं.

रांगेत गलका सुरू झाला होता. “म्हणजे इतके दिवस आम्ही न तपासलेलं खातोय!” “माझ्या घरी पोरं आहेत हो!” “नाटक करत होती रोज!” पुढाऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग असता तर तिला सोसला असता. “थोरली,” तो म्हणाला, “तुझ्या ताटाकडे बघून मी माझ्या माणसांना जेवायला बसवत होतो गं.”

एक वाक्य होतं. एका वाक्याचं काम होतं. ‘रोज कोठीत पुरतं ताट खाल्लं जात होतं, धाकटी खात होती, तुमचं एकाही दिवसाचं अन्न न खाल्लेलं गेलं नाही.’ एवढं म्हटलं असतं तर गलका खाली बसला असता. नोकरी गेली असती, पण तोंड काळं झालं नसतं. थोरली वाट बघत राहिली, की आता शटर वर जाईल आणि धाकटी म्हणेल. अगं, म्हण ना. बाकी काही नको, बशी माझ्या नावावर राहू दे, पण अन्न खाल्लं जात होतं एवढं तरी म्हण.

शटर वर गेलं नाही.

आणि मग थोरली स्वतःही ते बोलली नाही. बोलली असती तर धाकटीही गेली असती तिच्याबरोबर, आणि घरात ती दोन पोरी, तो रिकामा नवरा. तीस वर्षांची सवय, ऐन वेळी जिभेनं तीच पाळली. “मला पोटाचा आजार आहे,” ती एवढंच म्हणाली.

“मग सांगायचं होतं,” साहेब म्हणाले. आता त्यांचं तरी काय चुकलं?

तिनं ॲप्रन काढला. खिशात काही नव्हतं, अजून पाव टाकायचा होता. बशी उचलून तिनं नळाखाली धुतली, का ते तिलाही कळलं नाही, आणि पिशवीत टाकून घरी आणली.

दुसऱ्या दिवसापासून पहिलं ताट धाकटी जेवायला लागली. चांगलं खणखणीत, पुरतं. लोक म्हणाले, बघा, हिला म्हणतात इमान.

घरी थोरलीचे हाल कुत्रा खाईना. स्वतःच दुधी शिजवला, घोटला, दोनदा गाळला. राहिला नाही. बटाटा केला. राहिला नाही. नुसतं भाताचं पाणी प्यायली, ते तासाभरानं बाहेर. डॉक्टरिणीनं गोळी बदलली, म्हणाली, मनाचा ताणही पोटावर येतो, काळजी घ्या. कसली काळजी घ्यायची? डोळे मिटले की चमच्याचा टक्कन आवाज यायचा. नऊ दिवसांत बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. चालायला सांगितलेलं, पण ती दारापर्यंत जाऊन परतायची. रस्त्यावर कारखान्यातलं कोणी भेटलं तर?

दहाव्या दिवशी अकराच्या सुमाराला दार वाजलं. धाकटी. कँटीनला सुटी होती. हातात पितळी डबा.

थोरलीनं तिला आत ये म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. धाकटी उंबऱ्यातच बोलायला लागली, आणि पाठ करून आल्यासारखी बोलली.

“तुला वाटत असेल मी नीच आहे. असेन. पण मला सांग, माझं काय झालं असतं? तू राहिली असतीस, मी गेले असते. शब्द टाकलास म्हणे. त्या शब्दावर पोरी जेवल्या असत्या का? आणि दीड वर्ष मी दोघींचं खाल्लं, ताई. मला भूक नसायची तरी खाल्लं. लोक मला भोपळा म्हणायचे. तू ऐकायचीस. तू हसलीस, ताई. भर जेवणघरात.”

“हसले,” थोरली म्हणाली. “चुकलंच ते.”

धाकटीला हे अपेक्षित नव्हतं.

“आता मी एक विचारते,” थोरली म्हणाली. आवाज खोल गेला होता पण नीट येत होता. “जागा हवी होती ना तुला? मागितली असतीस तर मी दिली असती. उठून दिली असती. घरी येऊन म्हणायचं, ताई, तू आजारी आहेस, आता मला बसू दे. नाही म्हटलं असतं मी?”

धाकटी डब्याच्या झाकणाकडे बघत राहिली.

“बरं, ते जाऊ दे. बशी माझ्यावर ढकललीस, तेही जाऊ दे. पण मी तिथे उभी होते, धाकटे. लोक म्हणत होते मी त्यांच्या जिवाशी खेळले. तू शटरच्या मागे होतीस. तुला सगळं ऐकू येत होतं.”

“येत होतं,” धाकटी म्हणाली. आणि रडायला लागली. खरंच रडत होती, सोंग नव्हतं ते. “भीती वाटली गं. एक बोलले असते तर सगळंच निघालं असतं.”

“मलाही भीती वाटली होती. तुझ्यासाठी.”

धाकटीनं डबा उंबऱ्यावर ठेवला. “दोनदा गाळलाय,” ती पुटपुटली आणि जिना उतरून गेली.

थोरलीनं ठरवलं होतं, डबा उचलायचा नाही. अर्धा तास तिनं तो दारात तसाच राहू दिला. मग शेजारीण जाता-येता बघेल म्हणून आत घेतला. मग झाकण उघडून नुसतं बघितलं. मग गोळी घेतली. अर्ध्या तासानं चार चमचे खाल्ले आणि खोलीत फेऱ्या मारल्या, कपाटापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून कपाटापर्यंत, मोरीचं दार उघडं ठेवून. एक तास गेला. दोन गेले. काही वर आलं नाही. अडीच तासांनी आणखी चार चमचे. तेही राहिले.

दहा दिवसांत पहिल्यांदा पोटात काहीतरी टिकलं आणि ती खाली बसून ओक्साबोक्शी रडली. इतका संताप तिला त्या दिवशी जेवणघरातसुद्धा आला नव्हता. सगळ्या जगानं पाठ फिरवली तरी पोट तरी आपलं असायला हवं की नाही? त्यालाही शेवटी त्याच हातचं हवं. एवढं सगळं होऊनही त्याला लाज नाही, मान नाही, काही नाही. कोणी गाळलं ते पोट बघत नाही, कसं गाळलं तेवढं बघतं.

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी धाकटी आली. हातात दुसरा डबा. ती दार वाजवणार तोच दार उघडलं. थोरली उभी होती, हातात कालचा डबा, घासून लख्ख केलेला. त्यावर झाकण म्हणून ती बशी पालथी घातलेली होती.

धाकटीनं बशी ओळखली. तिचे ओठ हलले, बहुतेक ‘ताई’ म्हणायला.

“डबा ठेवत जा रोज,” थोरली म्हणाली. “त्याच्याशिवाय मी मरेन, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. पण खाली ठेवायचा आणि जायचं. दार वाजवायचं नाही.”

धाकटीनं भरलेला डबा खाली ठेवला, रिकामा घेतला. बशीही घेतली.

थोरलीनं दार लावलं. मग आतून कान देऊन, पावलं जिना उतरून गेल्यावर, तिनं दार किलकिलं केलं आणि डबा आत घेतला. अजून गरम होता.